बिडाचा रॅक

स्टिरिओचा रॅक माणसं लाकडाचा करून घेतात. वर सनमायका, पुढं काचेची सरकती दारं, आणि घरात लग्नाची मुलगी असली तर तिनं विणलेला क्रोशाचा रुमाल अ‍ॅम्प्लिफायरवर. मी माझा रॅक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ओतून घेतला आणि भिंतीला बोल्ट मारून बसवला. स्पीकरची तोंडं केली भिंतीकडं. भिंतीपलीकडं गुंडू राहत होता, आणि हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता.

शिवाजी पेठेत आमची दोन घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मधली भिंत सामाईक, एका विटेची. पूर्वी म्हणे दोन्ही मिळून एकच घर होतं. कुणा भावाभावांचं फाटलं आणि त्यांनी घाईघाईनं ही भिंत घातली. पलीकडं कुणी शिंकलं तर इकडं ऐकू येतं. गुंडूचा धंदा म्हशींचा, माझी शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय, पण तालमी वेगळ्या. मी पेठेतल्या तालमीचा, तो त्याच्या मामाच्या तालमीचा. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात, वैराला एवढं कारण पुरतं.

माझे वडील, आण्णा, तरुणपणी आमच्या तालमीचे गोलकीपर होते. ज्या वर्षी आमची आणि गुंडूच्या तालमीची फायनल लागली, त्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. त्यांची कॉट सामाईक भिंतीला लागून होती. फायनलच्या दिवशी दुपारपासून त्यांचा श्वास बदलला. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या म्हणाले. तेवढ्यात स्टेडियमकडून फटाके ऐकू आले. आम्ही हरलो होतो.

संध्याकाळी मिरवणूक गल्लीत आली. गुंडूनं खिडकीच्या गजाला कर्णा बांधला आणि बँडची, सिनेमाची, हाताला लागतील ती गाणी लावली. भिंत नुसती थरथरत होती. मी उठून गेलो. गुंडू गुलालानं माखलेला, दारातच नाचत होता.

"गुंडू, आण्णांचं काय खरं न्हाय. जरा बंद कर," मी म्हणालो.

"आज न्हाय, मर्दा! लई वरसांनी जिंकलोय," तो नाचता नाचताच म्हणाला. "म्हाताऱ्याच्या कानात कापूस घाल की!"

कापूस कुणाला घालतात ते आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याच क्षणी त्याच्या मुस्कटात मारायला हवी होती. पण घरात बाप जात होता, म्हणून परत फिरलो.

आण्णांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोलायला लागले. एखादा शब्द नव्हे, चांगलं दोन-तीन वाक्यांचं काहीतरी होतं. मी त्यांच्या तोंडाला कान लावला. कानात बँड शिरला. "काय आण्णा? मोठ्यानं बोला," मी ओरडलो. जाणाऱ्या माणसाला मी मोठ्यानं बोलायला सांगत होतो! त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मनगट सोडलं.

आण्णा शेवटी काय म्हणाले, ते मला आजही माहीत नाही. बायको म्हणते, पाणी मागितलं असेल. पाणी मागायला एवढे शब्द लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुंडूची आई, चिमणाबाई, शेजारधर्म म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आली. ती कित्येक वर्षांपासून ठार बहिरी. कर्णा तिच्या उशाशी वाजला असता तरी तिला कळलं नसतं. तरीही मी ती भाकरी घरात घेऊ दिली नाही. त्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरला नसता. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत बघत मागं फिरली.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर मी बायकोला, शालनला, सांगून टाकलं. "ह्याच्या घरातनं बी कोणतरी जाईल. त्या वेळी माझ्याकडं गाणं वाजंल. हा हितं येऊन हात जोडंल, आणि मी बंद करणार न्हाय."

"दोघंबी येडी हायसा," शालन म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

काही वर्षं तशीच गेली. मग शालनचा भाऊ मस्कतहून आला आणि आमच्यासाठी एक टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि गुडघ्याएवढ्या स्पीकरची जोडी घेऊन आला. अख्खी गल्ली बघायला लोटली. शालनच्या डोक्यात शोकेस होती. मला तिनं फर्निचरच्या दुकानात नेलं. दुकानदारानं काचेचं, आरशाचं, आत दिवा लागणारं, असं एकेक दाखवलं. मी प्रत्येकावर बुक्की मारून बघत होतो. सगळी पोकळ. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे गाणी ऐकायला असतंय, तालमीला न्हाय." शालन हसली. मी तिला बाहेर घेऊन आलो.

माझ्या फाउंड्रीत गणपतराव नावाचे पॅटर्नमेकर होते. ओतायच्या वस्तूचा आधी लाकडी नमुना करतात, तो हे करायचे. त्यांच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि गाण्याचं त्यांना वेड. मी रॅकचं काढल्यावर ते खूश झाले आणि नियमच सांगायला लागले. रॅक भिंतीपासून लांब ठेवायचा. पायाखाली रबर घालायचं. स्पीकर रॅकवर कधीच ठेवायचे नाहीत, एकमेकांपासून लांब, खोलीकडं तोंड करून ठेवायचे. नाहीतर रॅक हलतो, भिंत घुमते आणि गाण्याची वाट लागते.

"म्हणजे भिंतीला पक्का आवळला, तर भिंत घुमंल?" मी विचारलं.

"घुमंल म्हणजे? पलीकडच्याचं टाळकं उठंल."

"मग तसाच करू या."

गणपतरावांनी पेन्सिल खाली ठेवली. "कृष्णात, मशीन हालू नये म्हणून आपण फाउंडेशन बोल्ट मारतो. तुला भिंत हालवायला बोल्ट पाहिजेत व्हय?"

"व्हय."

कोल्हापुरात असं कारण कुणी दोनदा विचारत नाही. त्यांनी नमुना करायला घेतला. त्यांचा एकेक नियम मी नीट ऐकून घेतला आणि एकेक उलटा केला. फक्त एक पाळला. टर्नटेबल रॅकवर ठेवलं असतं तर त्या हादऱ्यानं सुई उड्या मारायला लागली असती, म्हणून ते समोरच्या भिंतीजवळ वेगळ्या स्टुलावर, खाली जाड रबर घालून ठेवायचं ठरलं. रॅकवर अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर.

बाजूच्या दोन चौकटी आणि तीन फळ्या, सगळं बिडाचं. एके दिवशी शेवटच्या ओतीनंतर भट्टीत बीड उरलं होतं, ते साच्यात सोडलं. वाळू फोडून काढल्यावर चौकटी इतक्या सुबक निघाल्या होत्या की मी उगाच हात फिरवत बसलो. आयुष्यात पंपाची झाकणं आणि मोटारींचे भाग पुष्कळ ओतले, पण एवढ्या मनापासून काही ओतलं नाही. तालमीतली चार पोरं लावून रॅक घरात आणला. गुंडू दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांना दूध घालून येत होता. थांबला.

"काय कृष्णात, तिजोरी आणलीस काय?"

कितीतरी वर्षांनी तो माझ्याशी बोलला होता. मी पोरांना रॅक आत घ्यायला सांगितलं.

आण्णांची कॉट जिथं असायची, तिथंच रॅक बसवला. भिंतीत भोकं पाडून, सिमेंट भरून बोल्ट आवळले. मग महाद्वार रोडला रेकॉर्डच्या दुकानात गेलो. "कुठल्या गाण्याची देऊ?" दुकानदारानं विचारलं. मी म्हणालो, गाणं कुठलंही चालेल, ढोल जास्त पाहिजे. त्यानं एक हलगी-ढोलकीची रेकॉर्ड काढून दिली. तिच्यात गाणं औषधालाही नव्हतं, नुसता ठोका.

पहिल्यांदा ती लावली आणि आवाजाचं बटण फिरवत गेलो. बिडाला हात लावला तर खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. भिंत घुमायला लागली. पलीकडं फळीवरून एक पातेलं पडलं, मग दुसरं. माझ्या कानांना त्याहून गोड काही ऐकल्याचं आठवत नाही. शालन कानांवर हात ठेवून घरामागच्या परड्यात जाऊन बसली.

मग तो माझा नेमच झाला. गुंडू पहाटे म्हशी पिळायला उठायचा आणि संध्याकाळी लवकर आडवा व्हायचा, त्या वेळी मी हलगी लावायचो. सोमवारी फाउंड्रीला सुट्टी, तेव्हा भर दुपारी त्याच्या झोपेच्या वेळेला. गल्ली कुरकुर करायची. मी म्हणायचो, गुंडू तक्रार करू दे, मग बघू. त्यानं एकदा यावं, दारात उभं राहून 'बंद कर' म्हणावं, एवढ्यासाठी मी तळमळत होतो. तो येतच नव्हता. त्या आवाजानं म्हैस दूध चोरायला, आत ओढून धरायला लागली म्हणून त्यानं गोठा मागच्या गल्लीत हलवला, पण माझ्या दारात आला नाही. मला वाटायचं, दात-ओठ खात असेल, मानीपणा करत असेल. मी आवाज आणखी वाढवायचो.

आम्ही पुरुष बोलत नसलो, तरी बायकांचं जाणंयेणं कधी थांबलं नव्हतं. संक्रांतीचं हळदीकुंकू घेऊन शालन गुंडूच्या घरून आली ती पदरानं डोळे पुसतच.

"काय झालं? बोलला काय तो तुला?" मी उठलोच.

"अवो, म्हातारीला तुमची हलगी कळती."

"ती ठार बहिरी हाय."

"कानानं न्हाय. हातानं कळती. पलंग भिंतीला लावून घेतलाय तिनं. तुमी सुरू केलं की तळवा टेकून बसती, मान डोलवती, पाय हालवती. 'आलं गं, आलं' म्हणून सुनंला हाका मारती. एवढी वरसं झाली, तिला कशाचा आवाज म्हणून आला न्हवता. गुंडूभावजी म्हणत हुते, कृष्णातचं लई उपकार झालं. बोलाया यायला तोंड न्हाय म्हणून येत न्हाय, असं बी म्हणत हुते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपकार! मी बीड ओतलं, भिंत फोडली, गल्लीचे शिव्याशाप घेतले, आणि रोज संध्याकाळी मी गुंडूच्या आईची करमणूक करत होतो! तो पलीकडं पडल्या पडल्या माझे आभार मानत होता. उठलो आणि अ‍ॅम्प्लिफायरची वायरच उपसून काढली.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी भिंतीवर थाप पडली. सपाट तळव्याची, सावकाश. थांबून पुन्हा एक.

"लावा की," शालन म्हणाली.

"न्हाय."

"त्या म्हातारीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तिनं न्हाय. तिच्या पोरानं."

रोज थाप पडायची. मी रॅकशेजारी खुर्ची टाकून चहा पीत ती ऐकायचो. मला बरं वाटायचं, लपवायचं कशाला? गुंडू आता आईच्या तोंडाकडं बघत असेल, हे कशानं थांबलं ते तिला सांगता येत नसेल, खाणाखुणा करून थकत असेल. एवढी वर्षं मी आवाजानं त्याला छळायला बघत होतो आणि छळणं एवढं सोपं होतं. शालननं माझ्याशी बोलणं कमी केलं. ताट पुढं सरकवायची आणि उठून जायची. मला त्याचंही काही वाटलं नाही.

पुढं पुढं थाप हलकी होत गेली. मग पडेनाशी झाली. म्हातारीनं अन्न सोडलं, असं शालननं भिंतीकडं बघून सांगितलं.

एका सोमवारी सकाळी गुंडू दारात आला. अंगात बंडी, डोळे तांबारलेले. माझ्या उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. ज्या दृश्यासाठी मी जगत होतो, ते असं सकाळच्या उन्हात माझ्या दारात उभं होतं.

"आईचं काय खरं न्हाय," तो म्हणाला. "सारखी भिंतीवर हात फिरवती. एकदा लाव की रं."

"तुझा कर्णा लाव."

"लावला. भिंतीला टेकवून बी लावला. तिला कळत न्हाय. तुझा रॅक भिंतीत रुतलाय, त्याचंच कळतं."

अशाही वेळी माझ्या ओतकामाचा मला अभिमान वाटला. "आण्णांच्या वेळी मी आलतो तुझ्या दारात," मी म्हणालो. "तू काय म्हणालास?"

तो खाली उंबऱ्याकडं बघायला लागला.

"म्हण. मगच लावतो."

"कापूस घाल म्हणालतो." त्यानं मान वर केली. "आण्णा जात्यात, ते मला ठाऊक हुतं. तरी थांबलो न्हाय."

हेच शब्द ऐकायला मी बीड वितळवलं होतं. वाटलं होतं, ते ऐकले की छातीवरचं ओझं उतरेल. ते काही उतरलं नाही. "आण्णा मला शेवटचं कायतरी सांगत हुते," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, शालन आतून बाहेर आली. "तुझ्या बँडात मला ते ऐकू आलं न्हाय. हे ठाऊक हाय तुला?"

गुंडूचे जोडलेले हात खाली आले. "न्हाय," तो म्हणाला. "हे ठाऊक न्हवतं."

मी वायर जोडायला घेतली. मला दया आली असं कुणी समजू नये. गुंडूच्या घरातलं माणूस जाताना माझ्याकडं गाणं वाजलं पाहिजे, हेच मी ठरवलं होतं, आणि गुंडू ते स्वतःच्या तोंडानं मागत होता. बंद कर म्हणायचीही सोय त्याला उरली नव्हती. मी हलगीची रेकॉर्ड लावली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि जायला वळलेल्या गुंडूचा दंड धरला.

"तू हितंच थांबायचं."

"आईजवळ जातो की."

"रेकॉर्ड पाहिजे तर हितं थांब. तू गेलास की बंद."

"अवो!" शालन ओरडली. मी तिच्याकडं बघितलंच नाही. गुंडू आत आला आणि रॅकसमोर उभा राहिला. त्यानं भिंतीवर तळवा टेकला, आणि पलीकडून कुणीतरी आपला तळवा त्याला लावल्यासारखा तिथंच ठेवला. हलगी घुमत होती. तिच्यापुढं बोलणं शक्यच नव्हतं.

गुंडूची बायको अंबूबाई धावत आली तेव्हा रेकॉर्ड निम्मीसुद्धा झाली नव्हती. तिचं तोंड बघूनच कळलं. "गेल्या," ती गुंडूच्या कानाशी ओरडली.

"काय बोलली?" गुंडूनं विचारलं.

"बोलल्या कायतरी. हसल्या बी. पर ह्या आवाजात कळलं न्हाय."

मी गुंडूच्या तोंडाकडं बघितलं. आता हा कोसळेल. माझ्या अंगावर धावून येईल, गळा धरेल, रॅकवर डोकं आपटून घेईल. आता याला कळेल. शेजारी माणूस गेलं की चालू रेडिओ बंद करायचा ही रीत. माझा हात सवयीनं बटणाकडं गेला. गुंडू मध्ये आला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हात भिंतीवरच हाय न्हवं तिचा?"

अंबूबाईनं रडत मान हलवली.

"मग संपू दे. निम्म्यात नको."

रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत आम्ही चौघं तिथं उभे राहिलो. माझ्या घरात, माझ्या रॅकपुढं, आणि तो मला बंद करू देत नव्हता. सुई शेवटच्या रेघेत फिरायला लागली तेव्हा त्यानं भिंतीवरचा हात काढला.

"ती काय बोलली ते मला न्हाय कळलं," तो जाता जाता म्हणाला. "पर तिला ऐकू आलं, मर्दा." आणि त्यानं माझ्या पायाला हात लावला. माझ्याहून मोठा माणूस. मी पाय मागं घेतले, पण तोवर लावून झाला होता.

नंतर गुंडू माझ्याशी बोलायला लागला. सणाला दुधाची चरवी पाठवतो. शालन घेते. रॅक भिंतीतच आहे. काढायचा म्हटलं तर भिंत पडेल. गुंडूला शांत झोप लागते, त्याचं घोरणं मला इकडं ऐकू येतं. मी मात्र अजून आण्णांचे ओठ आठवून त्यांचे शब्द जुळवत बसतो, आणि पलीकडं घोरणाऱ्या त्या माणसाचा मला पूर्वीपेक्षा जास्त राग येतो.